पालुपदाला गप्प बसा

नेव्हिलचं मागणं एवढंच होतं की रविवारी दुपारी ऑड्री गाईल तेव्हा बाकीच्यांनी तोंडं मिटून बसावं. यात न समजण्यासारखं काय होतं, देव जाणे. पण ‘लॉब्स्टर पॉट’ या पबच्या माडीवर गायला जमणाऱ्या मंडळींना धक्क्यावरून समुद्रात उड्या टाका म्हटलं तर एक वेळ टाकतील, पालुपदाला गप्प बसा म्हटलं की वेड्याकडे बघावं तसे बघतात.

ऑड्री ही नेव्हिलची थोरली बहीण. गुरुवारी तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर कुजबुजण्याइतपत बोलता येईल, गाणं मात्र विसरा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आईचं ते गाणं, हेरिंग मासे साफ करणाऱ्या पोरींचं, आता एकट्या ऑड्रीला येत होतं. नेव्हिलने ते या माडीवर दोनदा रेकॉर्ड केलं होतं, आणि दोन्ही वेळा ऑड्री कमी, बाकीचा कळपच जास्त ऐकू आला होता. कडव्याची शेवटची ओळ आली की यांना धीर निघत नाही. मग पालुपद असं लांबवतात, की तेवढ्यात माणूस खाली जाऊन बिअर घेऊन परत यावा. घरी गा म्हटलं तर ऑड्री ऐकेना. “टोस्टरसमोर उभी राहून गाऊ का?” म्हणाली.

नेव्हिल स्वतः कधी गात नसे. तो ऐकणारा माणूस. लहानपणी आईची गाणी म्हणजे त्याला भांडी घासतानाची कटकट वाटायची. पुढे लांब केसांच्या पोरांनी तसलीच जुनी गाणी ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन वाजवली, तेव्हा कुठे त्याचे कान उघडले. त्या तबकड्यांवर तो आजही जीव टाकायचा. त्यातली गाणी कशी झपाझप पुढे जायची. आणि इथे हे.

“पण नेव्हिल, त्या गाण्याला पालुपद आहे,” बर्नार्ड म्हणाला. माडीवरच्या बैठका तोच चालवायचा.

“माहीत आहे मला.”

“मग ते म्हणायचं कुणी?”

“ऑड्रीनं. गाणं तिचं आहे.”

“एकटीनं?” बर्नार्डने ग्लास खाली ठेवला. “बाई आजारी, आणि आपण नुसते बघत बसायचं? बरं दिसतं का रे ते? तुला ना, त्या ड्रमवाल्यांनी बिघडवलंय.”

मॅव्हिस तर आणखी एक पायरी वर. या बाईला कुठल्याही गाण्यावर आपला उंच सूर चढवल्याशिवाय चैन पडत नाही.

“मी अगदी हळू म्हणेन,” ती म्हणाली.

“हळूसुद्धा नको.”

“नुसतं गुणगुणले तर?”

“मॅव्हिस, ओठ मिटायचे.”

“अरे, ओठ मिटूनच गुणगुणतात.”

नेव्हिल अगदी मेटाकुटीला आला. एकेकाला गाठून, चहा पाजून, शेवटी बर्नार्डसमोर हात जोडून त्याने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. ऑड्रीला यातलं काही कळू द्यायचं नाही, ती उगाच अवघडेल, हेही बजावलं. ही अक्कल त्याचीच.

रविवारी ऑड्री खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. नेव्हिलने आपल्या गुडघ्यावर रेकॉर्डर सुरू केला. आवाज घोगरा झाला होता, पण आईची चाल जशीच्या तशी होती, ठसक्यासकट. पहिलं कडवं संपलं. नेव्हिलला वाटलं, जिंकलो.

“सुरीला धार लावा गं पोरींनो,” तिने पालुपदाची अर्धी ओळ उचलली आणि नेहमीसारखी माडीच्या हवाली केली.

कुणी घेतलीच नाही. बर्नार्ड बुटांकडे बघत होता. मॅव्हिसने रुमाल तोंडात कोंबला होता.

ऑड्रीने डोळे उघडले. उरलेलं पालुपद तिने एकटीने कसंबसं ओढलं आणि लगेच दुसऱ्या कडव्याला हात घातला. दोन ओळींत तिचा दम संपला. खोकला आला. ती थांबली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली.

“काय झालं?” तिने विचारलं. “कंटाळलात का मला?”

इतकी वर्षं गाणी ऐकून कान तयार झाले म्हणवणाऱ्या नेव्हिलला आत्ता कळलं, की मंडळी पालुपद रेंगाळवत तेव्हा ऑड्री श्वास घेत असे. तिचं सगळं गाणंच त्या रेंगाळण्यावर उभं होतं, आणि तेच त्याने हात जोडून बंद पाडलं होतं.

सगळे आता त्याच्याकडे बघत होते. हुकूम त्याचा, मोडायचा तर त्यानेच. नेव्हिलने तोंड उघडलं आणि तो गायला लागला.

“सुरीला धार लावा गं पोरींनो, बोटी आल्या…”

सूर इतका भलतीकडे होता की मॅव्हिस दचकली. पण मग तिने रुमाल काढला, बर्नार्डने मान वर केली, आणि सगळी माडी त्यात उतरली, नेहमीपेक्षाही संथ. ऑड्री छातीवर हात ठेवून उभी राहिली, पोटभर श्वास घेतला आणि दुसरं कडवं पहिल्यापासून धरलं. पुढची कडवीही तशीच झाली. दर पालुपदाला नेव्हिल सगळ्यांच्या आधी ओरडत होता.

गाणं संपल्यावर बर्नार्ड ओशाळून म्हणाला, “ऑड्री, नुसती कडवी पुन्हा एकदा म्हणतेस का? याच्या मशीनसाठी?”

तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिने नकारार्थी मान हलवली.

नेव्हिलने खिडकीशी जाऊन रेकॉर्डिंग कानाला लावलं. ऑड्री दूर कुठेतरी होती, आणि मशीनला चिकटून एक बेसूर गाढव सगळ्या माडीवर कुरघोडी करत होतं. आईचं गाणं राहिलं ते असं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. निदान ही पालुपदं तरी कुणाकडून कापून घेऊ, असं तो दात-ओठ खात पुटपुटला.

ऑड्रीने मागून येऊन त्याचा हात धरला.

“राहू दे रे,” ती कुजबुजली. “तेवढ्यातच तर मी श्वास घेतलाय.”