तिसरा दोष

आमच्या नेमबाजी क्लबचं रिव्हॉल्व्हर गोळी डावीकडे टाकायचं. मी म्हणायचे रिव्हॉल्व्हर टाकतं, वाइनो म्हणायचा तू टाकतेस.

वाइनो माझा थोरला भाऊ. तीस वर्षं लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवून घरी बसलेला. जगात आपल्याला माहीत नाही असं काही असतं, यावर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात असते. दिवसाला दोनशे ऐंशी पोरांचं जेवण करते आणि दर मंगळवारी संध्याकाळी टाउन हॉलच्या तळघरात पन्नास फुटांवरच्या कागदावर तीस गोळ्या झाडते. तीस गोळ्या, जास्तीत जास्त तीनशे गुण. नाताळाच्या आधीच्या सामन्यात मला दोनशे एकोणचाळीस पडले, आणि आमचा संघ माझ्या एकटीमुळे हरला. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे कुणी काही बोलत नाही, हेच तर वाईट.

त्या रात्री ठरवलं, स्वतःचं घ्यायचं. नवं परवडणार नव्हतं. खाऊच्या डब्यात साठवलेले तीनशे डॉलर होते, त्यात जुनंच येणार. शेरीफच्या कचेरीतून खरेदीचा परवाना काढला. तो दहा दिवसच चालतो, त्यामुळे दहा दिवसांत काय ते बघायचं होतं.

"मी येतो बरोबर," वाइनो म्हणाला. "तुला कुणीही फसवेल."

पहिल्या शनिवारी शहरातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. काचेच्या कपाटात एक चांदीसारखं झळझळीत रिव्हॉल्व्हर होतं. वाइनोनं टोपीच काढली.

"लेम्पी, हेच! आरसा आहे आरसा!"

मी दुकानदाराला ते उघडून रिकामं असल्याचं दाखवायला लावलं आणि मग हातात घेतलं. नळीवर कारखान्याचं नाव कोरलेलं होतं, पण अक्षरांच्या कडा झिजून गोल झालेल्या, ओल्या साबणावर काढल्यासारख्या. चमकीखाली बारीक खळगे दिसत होते. स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या. म्हणजे गंजलेलं रिव्हॉल्व्हर घासून घासून वर नवा मुलामा चढवला होता, आणि ज्यानं ते उघडलं त्याच्याकडे नीट बसणारा पेचकसही नव्हता.

"तीनशे दहा," दुकानदार म्हणाला. "बायकांना चमक आवडतेच."

"आवडते ना," मी म्हटलं. "पण माझी भांडी मी स्वतः घासते. घासून काय काय लपवता येतं ते मला ठाऊक आहे."

 घराच्या फाटकाशी उतरताना वाइनो म्हणाला, "पण दिसत सुंदर होतं."

दुसरं बघितलं ते एका गॅरेजवाल्याकडे. घोडा मागे ओढून चाप दाबून धरला, की गोळ्यांचं चक्र घट्ट बसायला हवं. याचं पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं हलत होतं. चक्र जागेवर बसलं नाही, तर गोळी नळीत सरळ शिरत नाही, घासून शिरते. गॅरेजवाल्यानं आपणहून वीस डॉलर कमी केले, मग आणखी वीस. मी आभार मानून निघाले. परवान्याचे तीन दिवस उरले होते.

सहकारी दुकानात पीठ आणायला गेले, तेव्हा फलकावर पेन्सिलीनं लिहिलेला एक कागद दिसला. 'रिव्हॉल्व्हर. .३८. सहा इंची नळी. फक्त नेमबाजीला वापरलेलं. फोन करू नका, ऐकू येत नाही. या.' खाली नाव होतं कालेर्वो रुओना.

"कालेर्वो?" वाइनो म्हणाला. "तो अजून आहे? मी लहान असताना तो संपूर्ण जिल्ह्यात पहिला यायचा. तांब्याच्या खाणीत होता. कुणाशी बोलायचा नाही."

"मग तुझं छान जमेल. तू बोल, तो गप्प बसेल."

कालेर्वोचं घर रस्त्यापासून बरंच आत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसानं दारापर्यंतचा बर्फ स्वतः उपसला होता, कडा सुरीनं कापल्यासारख्या. त्यानं आम्हाला आत घेतलं, कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. कप धरताना त्याचा हात थरथरत होता. पहिला कप झाला. दुसरा झाला. तिसरा कप झाल्यावर तो उठला आणि फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. चक्र बाजूला काढून सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि मग माझ्या हातात दिलं.

"यात तीन दोष आहेत," तो म्हणाला. ऐकू येत नसलेल्या माणसांसारखा मोठ्यानं. "तिन्ही सांग. मग किंमत बोलू."

वाइनोनं खुर्ची पुढे ओढली. मी ते खिडकीपाशी नेलं.

पहिला दोष आंधळ्यालाही दिसला असता. नळीच्या टोकाचा आणि चक्राच्या कडांचा निळा-काळा मुलामा उडाला होता, खालचं पोलाद उघडं पडलं होतं. "चामड्याच्या पिशवीत घालून काढून हे झालंय," मी ओरडून सांगितलं. त्यानं मान हलवली.

दुसरा मुठीचा. ती कारखान्याची नव्हती, मेपलच्या लाकडाची होती, हातानं कोरलेली. काम सुरेख होतं, पण मूळची मूठ गेली म्हणजे जुन्या वस्तू जमवणारे तोंड फिरवतात.

"छप्पन साली केली," कालेर्वो म्हणाला. "माझ्या हाताच्या मापानं. दोन झाले. तिसरा?"

तिसऱ्यानं माझा घाम काढला. मी पांढरा कागद मागे धरून नळीतून बघितलं. आतल्या पेचदार वळ्या स्वच्छ, कडा शाबूत. नळीचं तोंड तपासलं, कुठे टवका नाही. घोडा अगदी सावकाश ओढत सहाही घरं फिरवली, प्रत्येक घर वेळेवर जागेवर बसलं आणि टक्क आवाज झाला. चक्र पुढे-मागे ढकलून बघितलं, कागदाच्या जाडीइतकंही सरकेना. स्क्रूंच्या खाचा कोऱ्या. नेम धरायची मागची खाच डावी-उजवीकडे फिरवून बघितली, पुढची माशी घट्ट. अर्धा तास गेला.

वाइनोला राहवेना. त्यानं माझ्या हातातून ते घेतलं, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "नळी वाकडी आहे."

"कुठे?" कालेर्वोनं विचारलं.

"इथे. मध्यावर."

"डावीकडे की उजवीकडे?"

वाइनोनं पुन्हा डोळा मिटला. "वर. किंचित वर."

"वर!" कालेर्वो म्हणाला. "म्हणजे इतकी वर्षं मी कावळेच मारत होतो."

मी रिव्हॉल्व्हर कापडावर ठेवलं. "मला तिसरा सापडत नाही. माझी नजर कमी पडत असेल, नाहीतर तो नसेलच. पण उगाच काहीतरी सांगणार नाही."

म्हातारा असा हसला की त्याचे खांदे हलायला लागले.

"नाहीच तिसरा! तुझ्या आधी चौघं येऊन गेले. एक म्हणाला चाप जड. एक म्हणाला चक्र ढिलं. तिसरा म्हणाला माशी तिरकी. चौथ्यानं तर वास घेतला आणि म्हणाला, याला वास येतो. किंमत पाडायची म्हणून प्रत्येकाला तिसरा दोष हवाच होता." त्यानं डोळे पुसले. "आता सांग, किती द्यावेत?"

मी विचार केला. "कपाटात ठेवणाऱ्यानं दीडशेच्या वर देऊ नये. मुलामा गेलाय, मूठ मूळची नाही. पण जो याच्यानं नेम धरणार त्याला त्याचं काय? त्याला नळी, चक्र आणि चाप लागतो, आणि ते तिन्ही नव्यापेक्षा चांगले आहेत. माझ्या हिशेबानं अडीचशे."

टेबलाखाली धप्पकन आवाज झाला.

"अरे बाबा," कालेर्वो वाइनोला म्हणाला, "लाथ तिला मारायची होती ना? माझ्या नडगीवर बसली."

वाइनोचे कान लाल झाले.

"दुकानदार मला एकशे चाळीस देत होता," कालेर्वो म्हणाला. "तुला दोनशेला देतो."

"मी अडीचशे म्हटलं."

"ऐकलं. तेवढं ऐकू येतं मला. विकणारा मी आहे, मी दोनशे म्हणतोय."

"हे काय चाललंय?" वाइनो ओरडला. "दोघं उलट्या बाजूंनी ओढताय!"

शेवटी दोनशे पंचवीसवर थांबलो. पण आधी मारून बघायचं. कालेर्वोच्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या मागे वाळूचा उंच बांध होता, त्यावर त्यानं कागद लावला. आम्ही कानांवर झाकणं चढवली. मी पाच गोळ्या झाडल्या आणि जवळ जाऊन बघितलं. पाचही भोकं खाली विखुरलेली, कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखी.

"तुझा हात दाखव," कालेर्वो म्हणाला. त्यानं माझा तळवा आपल्या तळव्याला लावला. माझी बोटं त्याच्या दुसऱ्या पेरापर्यंत पोचत होती. "मूठ मोठी आहे तुला. बोट चापावर नीट पोचत नाही, म्हणून तू तो खाली खेचतेस. तरीच. चल आत."

आत येऊन त्यानं मूठ काढून टेबलावर ठेवली आणि कानस शोधायला लागला. मी म्हटलं, "नको. छप्पन सालची आहे. मी दुसरी करून घेईन."

"ती माझ्या हातासाठी होती," तो म्हणाला. "माझ्या हाताला आता कप धरवत नाही." त्यानं कानस उचलली. कानस लाकडावर टेकली आणि थरथरली, लाकडावर एक तिरका ओरखडा उमटला. तो थांबला. 

वाइनोनं हात पुढे केला. "द्या इकडे."

माझा भाऊ बढाईखोर आहे, पण लाकूड त्याच्या हातात आलं की त्याचं तोंड बंद होतं. त्यानं माझा हात तीन-चारदा मुठीवर ठेवून बघितला, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि कामाला लागला. कालेर्वो शेजारी बसून बोटानं दाखवत होता, इथे आणखी, इथे नको. दुपारचे तीन वाजले तेव्हा टेबलाभर मेपलचा भुसा पसरला होता आणि मूठ माझ्या हातात अशी बसली, की बोट आपसूकच चापावर जाऊन टेकलं.

पुन्हा सॉनाच्या मागे गेलो. पाच गोळ्या. या वेळी मी जवळ गेलेच नाही, कालेर्वोच गेला. कागद काढून आणला आणि त्यावर कॉफीची बशी ठेवली. एकही भोक बशीबाहेर दिसेना.

"बशी कुठून आणली तुम्ही?" मी विचारलं.

"खिशात होती," तो म्हणाला. "मला खात्री होती."

वाइनो म्हणाला, "बघितलंस? मूठ कुणी केली?" आणि कालेर्वोनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याची टोपी बर्फात पडली.

कागदांवर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी रिव्हॉल्व्हर शेरीफच्या कचेरीत दाखवून नोंदवून आणलं. परवान्याचा एक दिवस शिल्लक होता.

फेब्रुवारीतल्या सामन्यात मला दोनशे अडुसष्ट पडले. आमच्या संघात त्या संध्याकाळी एवढे कुणालाच नव्हते. तरी आम्ही हरलो, कारण पलीकडच्या गावातल्या दाताच्या डॉक्टरनं दोनशे ब्याण्णव मारले, आणि त्याला कोण काय करणार? पण या वेळी सगळे बोलले. आमच्या मानानं बरंच बोलले. एकानं चक्क "बरं मारलंस" असं म्हटलं.

कालेर्वो वाइनोच्या ट्रकमधून आला होता. तळघरातल्या मागच्या बाकावर बसून त्यानं सबंध सामना दुर्बिणीतून बघितला आणि माझं प्रत्येक भोक एका वहीत टिपलं. संपल्यावर मला जवळ बोलावलं.

"बाविसावी गोळी," तो म्हणाला. तळघरातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. "बाविसाव्या गोळीला श्वास रोखून धरायला विसरलीस. का?"

"कुणीतरी दार उघडलं. गार वारा आला."

"वारा येणारच. जानेवारीनंतर फेब्रुवारीच येतो." त्यानं वही माझ्या हातात दिली. "उद्यापासून रोज रिकाम्या रिव्हॉल्व्हरनं पन्नास वेळा चाप ओढायचा. भिंतीकडे बघत. मी येईन मोजायला."

आणि तो खरंच येतो. बुधवारी, शाळा सुटल्यावर. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते, तो मोजतो, आणि वाइनो पाव कापता कापता सांगतो की मी खांदा उचलतेय. मागच्या बुधवारी मी खरंच उचलत होते.