दिल्लीहून फक्त दोन तास

वाटीवरचं झाकण किणकिणलं. विमान पार्ल्याच्या गच्च्यांवरून सांताक्रूझकडे उतरून गेलं, तरी ते आपलं थरथरतच राहिलं... माणिकने त्यावर बोट ठेवलं. आत मोदकांचं सारण होतं. आज संकष्टी, चंद्र दिसेपर्यंत तिच्या पोटात पाणीसुद्धा जायचं नव्हतं. एरवी मोदक नैवेद्यापुरते, आज ताटभर — नंदकुमार येणार होता.

दिल्ली-मुंबई साडेअकराशे किलोमीटर, विमानाने फक्त दोन तास. हे 'फक्त' ती तीन वर्षं ऐकत होती. "आई, तू बोरिवलीला मावशीकडे जाऊन येतेस ना, तेवढंच!" बोरिवलीला ती महिन्याच्या महिन्याला जायची. दोन तासांवरचा मुलगा तीन वर्षांत एकदाही फिरकला नव्हता. बैलगाडीच्या वाटेवर असता तर कदाचित निघाला असता... ही उडणाऱ्यांची जातच तिला हलकी वाटे — न्याहारी एका गावी, जेवण दुसऱ्या, आणि मुक्काम कुठेच नाही.

सकाळी शेजारच्या सुगंधाकडे त्याचा फोन आला होता. खरखरीतून तुकडे तेवढे कळले — संध्याकाळी सांताक्रूझला उतरतोय, रात्री सहारहून मस्कत, नवी नोकरी, दोन वर्षं... "बरं आई, येतो!" आणि फोन बंद. दोन विमानतळांच्या मधेच तर घर! तिने लगेच नारळ फोडला.

"नक्की काय म्हणाला?" राजारामपंतांनी आरामखुर्चीतून विचारलं. तिचे यजमान, जन्मात विमानात न बसता आळीभर विमानांचे वेग सांगत फिरणारे.

"येतो म्हणाला."

"अगं, पण कुठला येतो?"

तिने सारणात उगाच चमचा फिरवला.

"निरोपाचा येतो गं तो! फोन ठेवताना म्हणतात तसला. यायचा असता तर आधी मोदकांचं विचारलं असतं नंदूने."

"मधे वेळ आहे त्याला."

"सामान, कस्टम, किती भानगडी... तुला काय कळायचंय?"

"तुम्हाला कळतं ना हो सगळं. खुर्चीत बसून," ती हळूच म्हणाली. मोठ्याने ती बोलत नसे. व्रताचं पुण्य जातं. आणि हळू बोललेलं जास्त लागतं.

...दप्तर घेतलेला नंदू उंबरठ्यावरून "जातो" म्हणाला, की ती त्याला माघारी बोलवायची. जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं. गुणी पोर. शब्द तेवढा पाळला.

ऊन भिंतीवरून उतरलं. समजा, आलाच — बूट न काढता दारात उभा राहील, अर्धा मोदक तोंडात, नजर घड्याळाकडे, "आई, टॅक्सी थांबवलीय खाली." मग हे त्याला मस्कतचं अंतर विचारतील, तो सांगेल, दोघे हसतील, आणि मग तो त्याच उंबरठ्यावरून, तोच शब्द...

ती देवापुढे बसली. रोजचं मागणं सवयीने ओठांवर आलं — त्याला सुखरूप घरी... आणि 'घरी'पाशी अडलं. आज नकोच येऊ दे त्याला — आईने असं मागावं? इतके उपास करून हे? मागणं जिभेवर तसंच राहिलं, ना गिळता येई, ना बोलता; दिवसभर जिन्याकडे लागलेले तिचे कान आता तिथेच होते, पण दारावरची बेल वाजेल की काय, या भीतीने.