हर्षाच्या ओल्या हाताची परीक्षा

मी एक जुना लॅपटॉप आहे. पवनीला वीरेंद्रच्या घरी, दाराजवळच्या टेबलावर माझी जागा आहे. मित्रांनो, आमचा तोटा कळला त्या दिवसापासूनच सांगतो.

त्या सकाळी वीरेंद्रने मला उघडले आणि शेतीच्या वस्तू तपासून लिहिणाऱ्या आमच्या वेबसाइटवर किती लोक आले ते पाहिले. आकडा इतका खाली आला होता की त्याला वाटले, माझेच काहीतरी बिघडले. त्याने मला बंद करून पुन्हा चालू केले. आकडा तोच. मग त्याने इंटरनेटवर स्वतःच प्रश्न टाकला, 'धानाच्या फवारणीला कोणता पंप चांगला?' कोणतेही पान न उघडताच उत्तर सगळ्यांत वर आले. 'टाकी भरून पाठीवर घ्या आणि ओल्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालून पाहा. तोल गेला तर तो पंप तुमचा नाही.'

"हे तं हर्षाचं वाक्य आहे," वीरेंद्र म्हणाला. ऐकायला घरात कोणी नव्हते. हर्षा त्याची बायको. तिला जाऊन वर्षही झाले नव्हते. तिचे वाक्य तिथे होते, नाव नव्हते.

लोकांना उत्तर वरच्या वर मिळत होते, म्हणून आमच्या पानापर्यंत कोणी येत नव्हते. लोक आले तरच आम्हाला जाहिरातीचे पैसे मिळतात. त्यातूनच वेबसाइटचे वर्षाचे भाडे जाते. ते भरायची वेळ आली होती. भरले नाही, तर हर्षाने लिहिलेले सगळे जगाच्या नजरेआड जाणार होते.

मित्रांनो, माझी पहिली वर्षे नागपूरच्या एका कचेरीत गेली. तिथे माझ्याकडून पत्रे टाइप करून घेत. नवे लॅपटॉप आले तसे मला काढून टाकले. एका जुन्या मालाच्या दुकानातून हर्षा आणि वीरेंद्रने मला घेतले. एसटीत मी हर्षाच्या मांडीवर होतो. खड्डा आला की ती मला वर उचलून धरायची आणि स्वतः धक्का खायची. एवढे जपून मला आधी कोणी नेले नव्हते.

वीरेंद्रचे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. हर्षा शेतकऱ्याची मुलगी, दरवर्षी रोवणीला, म्हणजे धानाची रोपे लावायला, जाणारी. जाहिरात पाहून घेतलेल्या वस्तू लोक दुकानात आणत आणि कपाळाला हात लावत. कोणाचा फोन चिखलाचे बोट ओळखत नसे, कोणाच्या पंपाचा पट्टा खांदा सोलून काढी.

"कंपनीवाले कोरड्या खोलीत बसून पाहतात जी," हर्षा म्हणाली. "आपल्या लोकायचे हात ओले असतात. आपण ओल्या हातानं पाहू आणि लिहू."

अशी आमची वेबसाइट सुरू झाली. नियम हर्षाचा. कंपनीकडून काही घ्यायचे नाही. वस्तू दुकानातून विकत आणायची, बांधीत म्हणजे धानाच्या चिखलात न्यायची, वापरायची आणि जसे घडले तसे लिहायचे. ती बोलायची, वीरेंद्र टाइप करायचा. माझी काही बटणे त्या दिवसांत घासून कोरी झाली. मला त्याचा अभिमान आहे.

लोकांनी आम्हाला मानले. लाखांदूरकडचे शेतकरी एसटीने येऊन, आधी माझ्या पडद्यावर वाचून, मगच बाजारात जात. पण पैसा टिकत नसे, आणि त्याचे कारणही हर्षाच होती. तपासून झालेली वस्तू विकून पुढची आणायची, असा आमचा हिशोब. हर्षा विकतानाही वस्तूला चिठ्ठी बांधायची आणि तिच्यात सगळे दोष लिहायची. सुखराम नावाचा एक शेतकरी तर दारातच हसायला लागला.

"अवं बाई, या पंपाची बॅटरी दुपारीच बसते, हे तूच लिहिलं. मंग पुरे पैसे कायले देऊ?"

"नका देऊ."

"अन् तुमचं नुकसान?"

"तुम्हाले खोटं सांगून भरून काढू का, भाऊ?"

सुखराम अर्ध्या किमतीत वस्तू घेऊन गेला. वीरेंद्र म्हणाला, "अशानं दुकान विकायची पाळी येईल." हर्षा म्हणाली, "दुकान विकाल तं त्यालेही चिठ्ठी बांधीन." दोघेही पोट धरून हसले.

मग हर्षा आजारी पडली. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि मला कोणी उघडेना. ती गेली. माझ्यावर टॉवेल टाकलेला होता, तो तसाच राहिला. त्याच्यावर धूळ बसली. वीरेंद्र माझ्या शेजारीच जेवायचा, पण हात लावत नसे. बऱ्याच दिवसांनी त्याने टॉवेल काढला, धुतला, वाळत घातला आणि मला उघडले. त्या दिवसापासून तो एकटाच लिहू लागला. तोटा कळला तो त्यानंतर.

रोवणीच्या दिवसांत एका नव्या मोबाइल कंपनीचा माणूस आला. बूट बाहेर काढून अदबीने बसला. टेबलावर नवा फोन ठेवला.

"वीरेंद्रभाऊ, लोक तुमच्या शब्दावर खरेदी करतात. ओल्या हाताला चालतो, एवढंच लिहा. तुमच्या वेबसाइटचा वर्षाचा सगळा खर्च आमच्याकडे."

"आधी वापरून पाहू द्या."

"पाहा ना. लिहायचं काय, ते तर ठरलंच आहे."

माणूस फोन ठेवून गेला. वीरेंद्रने माझ्यावर नवे पान उघडले. त्यावर त्याने 'ओल्या हाताला चालतो' असे लिहिले, आणि ते न पुसता बसून राहिला. मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. एकदा खोटे लिहिले तर हर्षाची सगळी खरी पाने टिकणार होती.

दुपारी रत्नाबाईंना त्याने बोलावले. त्या आणि हर्षा रोवणीला बरोबर जात. त्यांनी आपले सिम त्या फोनमध्ये घातले आणि तो बांधीत नेला. संध्याकाळी परत आल्या त्या तणतणतच.

"काय फोन हाय का भूत? मी रोपायची पेंढी खाली ठेवली, याले ओला हात लागला, अन् यानं भावजयीले फोन लावला! दोन वर्षं झाली, तिच्याशी मी बोलत नाई. तिले वाटलं मीच माघार घेतली. आता रविवारी जेवाले येऊन राहिली ते."

हर्षा गेल्यापासून वीरेंद्र पहिल्यांदा मोठ्याने हसला. मग त्याने रत्नाबाईंना सगळे सांगितले, पैशांचेही.

"घ्याचे तं घे पैसे," रत्नाबाई म्हणाल्या. "पण ओला हात माहा होता. त्याच्या नावानं खोटं मी नाई लिहू देणार."

वीरेंद्रने ती ओळ पुसली. फोन कसा वागला ते लिहिले, भावजयीसकट, आणि फोन परत पाठवला.

"आता तपासायला नवीन पंप कुठून आणू?" त्याने विचारले. "हातात काहीच नाही."

"तू काहून आणतो? आमच्या बचत गटाले पंप घ्याचाच हाय. पंप आमचा, परीक्षा तुमची. विकाची भानगडच नाई."

इतकी वर्षे हे कोणाला सुचले नव्हते. वीरेंद्रने वेबसाइटवर साधे लिहिले की आम्ही कंपनीचे घेत नाही, वाचणाऱ्यांनी जमेल ते द्यावे. कारध्याहून, लाखांदूरहून थोडेथोडे आले. सुखरामनेही पाठवले आणि कळवले, 'बॅटरी अजून दुपारीच बसते, पण तुम्ही सांगितलंच होतं.' यंदाचे भाडे भरले गेले.

मी म्हातारा झालो आहे. वायर काढली की बंद पडतो. तरी माझ्यावर लिहिलेले खरे आहे, म्हणून मी ताठ बसतो. मित्रांनो, कोणाचे खरे शब्द तुमच्या कामी आले, तर ते कोणी लिहिले ते शोधा. त्याच्या पानावर जा. खरे लिहिणाऱ्यालाही घर चालवावे लागते.

गटाचा पंप आज बांधीत गेला आहे. त्याच्या परीक्षेचा निकाल लिहायचा राहिला आहे. पुढच्या वर्षाचे भाडे अजून जमलेले नाही.