म्हशीची टाकी

परभणीच्या त्या दवाखान्यात बाकावर माझं बूड टेकत नव्हतं. बोट सारखं स्कार्फखाली जाई, केस गेलेल्या चाईच्या गुळगुळीत कातडीवरून फिरे आणि मला स्वतःचाच राग येई. दिवाळीला एक चट्टा होता, आता तीन. आईने कांदा चोळला, लसूण चोळला, डोक्याची चटणी करायची तेवढी बाकी ठेवली. शेवटी मीच हट्टाने तिला झरीहून इथं आणलं होतं.

आई मात्र डोक्यावरचा पदर सारखा करत बसलेली. घरातसुद्धा तिचा पदर ढळत नाही. मी चिडवायचे, "सासू जाऊन लय वर्सं झाली, आता कुणाला भितीस?"

नंबर आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चट्ट्यांवर नायट्रोजनची थंडी देऊ. थोडं झोंबेल, पण काहींचे केस परत येतात." नर्सने टाकीचं झाकण काढलं. पांढरी वाफ खाली सांडली.

आई ताडकन उठली. "आवो, ही तर म्हशी गाभण करायची टाकी! आमच्या गोठ्यात गुरांचा डॉक्टर हीच आणतोय. पोरीच्या डोक्याला लावायलात व्हय? ऊठ, त्रिवेणी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाईंनी परोपरीने सांगितलं, की थंडी तेवढी एकच, बाकी गुरांचं काही यात नाही. आई ऐकेना, मला दाराकडे ओढू लागली. आज उठले तर ती पुन्हा इथं पाऊल टाकू देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी खुर्ची घट्ट धरली.

"मी येत न्हाई! तुला काय कळतंय? तुझे केस जाग्यावर हायेत!"

आईने हात सोडला. मग तिने पदर खाली घेतला, अंबाडा सोडला. टाळूमागे तळहाताएवढी जागा उघडी होती.

"तू झालीस तवापासून हाय," ती म्हणाली. मग डॉक्टरबाईंकडे वळली. "आदी मला लावा."

त्यांनी तिचं डोकं तपासलं. "मावशी, इतक्या जुन्या चाईवर केस येतीलच असं नाही."

"न्हाई आले तर न्हाई. पोरीला इजा व्हतीय का, तेवढं बघू द्या मला."

मी उठले आणि ती खुर्चीत बसली. मघाशी बोलले त्याची मला इतकी लाज वाटत होती की तिच्याकडे बघवेना. कापसाचा बोळा टेकला तशी तिची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"लय दुखतंय का गं?"

"काईच न्हाई," डोळे पुसत ती उठली. "बस आता. भिऊ नको."

मी स्कार्फ सोडून बसले. बोळा टेकताच कळलं, आई धादांत खोटं बोलली होती. मी तिचा हात सोडला नाही.