चौसष्ट खुणांचा ठसा

"थांब, 'हो' दाबू नकोस," म्हणत थोरल्या भावाने आपल्या मुलीचा हात कीबोर्डवरून बाजूला केला आणि कानामागची लाल पेन्सिल काढली. पडद्यावर आकडे आणि अक्षरं मिळून चौसष्ट खुणा आठ ओळींत उभ्या होत्या.

"बाबा, हा काकाच्या मशीनचा ठसा आहे. समोर तेच मशीन आहे, मधे कुणी तोतया नाही, एवढीच खात्री करायची असते. सगळे डोळे मिटून 'हो' म्हणतात."

"म्हणत असतील. आपण न वाचता पान सोडत नाही."

तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाची खोड अशी जाते थोडीच! दोघा भावांनी मिळून कारागिरांच्या शब्दांचा कोश करायला घेतला होता. धाकटा मोठ्याने वाचायचा, थोरला पेन्सिल फिरवायचा. मग मुखपृष्ठावर आधी कुणाचं नाव, एवढ्याशा गोष्टीवरून बिनसलं. शब्द लिहिलेली निम्मी कार्डं याच्या घरी, निम्मी त्याच्या, चार वर्षं अबोला आणि कोश लोंबकळत. आता मुलीने दोन्ही घरांतली मशीनं जोडायचा घाट घातला होता. कार्डांच्या मशीनवर उतरवलेल्या प्रती जिथल्या तिथेच राहतील, पण कुठूनही उघडलं तरी एकच कपाट दिसेल. मधला रस्ता तेवढा कुलूपबंद हवा.

"पडताळायचंच असेल तर काकाला त्याच्या पडद्यावरून वाचावं लागेल. फोनवर," मुलगी साळसूदपणे म्हणाली.

थोरल्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. स्वतःचाच हेका असा अंगाशी आला होता.

फोन स्पीकरवर लागला. पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. ते खाकरणं ओळखायला कुठला ठसा लागत नव्हता.

"वाचू?"

"वाच."

"सात, बी, शून्य, चार..." धाकटा जुन्याच लयीत वाचत गेला. चार खुणांनंतर अर्धा श्वास, ओळ संपली की टेबलावर टिचकी. थोरल्याची पेन्सिल पडद्यापासून बोटभर अंतरावर सरकत होती. त्याला फार बरं वाटत होतं, आणि ते दिसू नये म्हणून त्याने कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

आठवी टिचकी वाजली. मुलगी त्याच्या खांद्यावरून बघत होती. एकूण एक खूण जुळली होती. तिने 'हो'कडे बोट नेलं.

"चुकतंय कुठेतरी," थोरला म्हणाला.

नसलेली चूक या माणसाने आजवर कधी काढली नव्हती. मुलीने तोंड उघडलं, त्याने डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

धाकट्याचं वाचन चुकत नसे, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"कुठली ओळ, दादा?"

चार वर्षांनी ही हाक कानावर आली होती. थोरल्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"पहिल्यापासूनच घे," तो म्हणाला. "सावकाश."

"मला कुठे घाई आहे?" पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज झाला. "हं. सात..."