गोळ अजून परातीत आहे

या, असे मंडपाच्या कडेला उभे राहू नका. सतरंजीवर जागा आहे, सरका थोडं आणि जवळ बसा. मृदंगवाला अजून शाई तपासतोय, कीर्तन उभं राहायला वेळ आहे. तेवढ्यात तुम्हाला एका आवाजाची गोष्ट सांगतो. तो आवाज एका करारात अडकला होता आणि परातीतल्या गुळानं तो सोडवला. देवाच्या दारात बसून सांगतोय, तेव्हा कडू काही सांगणार नाही.

आमच्या फुलसावंगीच्या शिवेला लागून एक तांडा आहे. तिथल्या हिरासिंग राठोडांची मुलगी वर्षा. परकरात होती तेव्हापासून देवरावबुवांच्या मागं टाळ धरून उभी राहायची. हनुमान जयंतीच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन बुवांचंच, हे आमच्याकडे ठरलेलं. आणि बुवांनी चाल सोडली की ती वर उचलायची वर्षानं, हेही ठरलेलं. ती उचलायची तेव्हा मंडपातली लहान पोरं रडायची थांबायची. मी पुढच्या रांगेत बसणारा माणूस, डोळ्यांनी पाहिलं आहे.

बी.ए. झाल्यावर तिला पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. नोकरी नव्हे, करारावर, एका वर्षापुरतं. शेतकऱ्याच्या मोबाइलवर हवामानाचा, फवारणीचा सल्ला बोलून पाठवायचा, मराठीत आणि तांड्याच्या गोरबोलीत. आवाजाच्या कामाला शांत खोली लागते म्हणाले. वर्षानं घरात शांत जागा शोधली तर सापडली कापसाची खोली. भाव येईल म्हणून हिरासिंगनं छतापर्यंत भरून ठेवलेला कापूस. त्या ढिगात बसलं की बाहेरचा ट्रॅक्टरसुद्धा ऐकू येत नाही. पोरगी आत जाऊन बोंडअळीवर बोलायची आणि अंग खाजवत बाहेर यायची.

"कंपनीले सांग, खाजेचे पैसे अलग," रामीबाई, म्हणजे तिची आई, म्हणायची.

काम चांगलं होतं. पण करारात एक ओळ होती. करार चालू असेपर्यंत हा आवाज दुसऱ्या कोणाच्या ध्वनिमुद्रणात येऊ नये. आता आमचा सप्ताह मोबाइलवरून थेट दिसतो. सुरतेला, पुण्याला कामाला गेलेली पोरं तिथून दर्शन घेतात. म्हणजे तेही ध्वनिमुद्रणच. त्या वर्षी वर्षा बुवांच्या मागं उभी राहिली, टाळ वाजवला, तोंड मात्र मिटलेलं. बुवांनी चाल सोडली आणि ती तशीच खाली आली. मंडपात सगळ्यांना कळलं.

दिवाळीला वर्ष संपलं. कंपनीनं आणखी दोन वर्षांसाठी नवा करार पाठवला. वर्षानं घाईनं सही करून परत धाडला. पलीकडून उत्तर आलं, "साहेबांची सही झाली की पाठवते." पाठवणाऱ्या प्रियंका मॅडम, तिला काम देणाऱ्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली. साहेब कधी बंगळुरूला, कधी मीटिंगमध्ये. सही काही आली नाही, काम मात्र येत राहिलं आणि ही करत राहिली.

आणि माघात देवरावबुवांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, देवाची कृपा. आवाज गेला. बुवांनी वर्षाला बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, 'काला तू कर.'

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याच दिवशी मॅडमना विचारलं. मॅडम गोड बोलल्या, पण नाही म्हणाल्या. नियम तो नियम. मोडला तर नुकसानभरपाई. वर्षानं बुवांना सांगायचं धाडसच केलं नाही. आमच्या सप्ताहाच्या पत्रिकेत काल्याच्या कीर्तनापुढची जागा तशीच कोरी राहिली.

होळी झाली आणि तिच्या काकाच्या मुलीची, नर्सिंग शिकणाऱ्या अंजूची, सगाई ठरली. महागावकडच्या तांड्यातला बादल नावाचा मुलगा. हिरासिंगचं आणि माझं जुनं, म्हणून मलाही बोलावणं होतं. तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. तांड्यात सगाई पक्की होते ती गुळानं. दोन्हीकडचे लोक नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर बसतात, बोलणी होतात, मग परातीतला गूळ दोन्ही घरं खातात. ते त्याला गोळ म्हणतात. गोळ खाल्ला की शब्द बांधला गेला. त्याआधी कितीही हसा, कितीही चहा प्या, काही बांधलेलं नसतं.

परात होती वर्षाच्या हातात. बोलणी चालली होती, तेवढ्यात बादलची आत्या शकुबाई, मोठ्या आवाजाची बाई, पदर सावरून म्हणाली, "एक सांगून ठेवतो बाप्पा. ते नर्सिंग-बिर्सिंग आता बंद. आमची सून गावोगाव सुया टोचत फिरनार नाही. आता आमच्या घरचा कायदा."

अंजूचा बाप खाली पाहू लागला. आणि दाराआडून अंजू, जिनं त्या दिवशी एक शब्दही बोलू नये अशी सगळ्यांची अपेक्षा, ती म्हणाली, "आत्याबाई, गोळ अजून परातीतच हाय जी. खाल्ला कोनी?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. खेमसिंग नायकांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरगी बरोबर बोलली. गोळ दोन्ही घरच्या तोंडात जात नाही तोवर आपन चार लोकं नुसते चहा प्याले आलो."

"शिकू दे न आत्या," बादल हळूच म्हणाला. "मले काय तरास हाय?"

"घ्या! आतापासूनच बायकोचा झाला हा!" शकुबाई कपाळाला हात लावून म्हणाली, आणि मग तीही हसली. नर्सिंग पुरं करायचं ठरलं, सगळ्यांसमोर ठरलं. "वाटा गोळ!" नायक म्हणाले.

पण गोळ येईना. वर्षा परात धरून मधोमध उभी, जागची हलेना.

"वर्षे, काहून थांबली वं? लोकं बसले न!" रामीबाई ओरडली.

"याडी," ती आईला म्हणाली, "माह्या गोळबी अजून परातीतच हाय."

"तुह्या कोनता गोळ? तुही तं सगाईबी नाही!"

तिनं परात गरगर फिरवून सगळ्यांना गोळ वाटला, आणि कापसाच्या खोलीत जाऊन नवा करार मोबाइलवर पुन्हा वाचला. शेवटी स्पष्ट लिहिलं होतं, दोन्हीकडच्या सह्या झाल्यावरच लागू. जुना दिवाळीला संपलेला. नव्यावर एकटीची सही. मग ही बांधलेली होती कशानं?

तिनं घाई केली नाही. अंगावर घेतलेले सल्ले, उन्हाळी भुईमुगाचे आणि हळद काढणीचे, सगळे बोलून पाठवले. मग मॅडमना कळवलं, माझी सही मी मागं घेते, काम इथं थांबवते, आजवरच्या कामाबद्दल आभार.

मॅडमचा फोन लगेच आला. आता त्या तांड्यात नेटवर्क नीट मिळतं ते फक्त सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर, आणि मोबाइलचा कानाकडचा आवाज बिघडलेला, म्हणून स्पीकर लावूनच बोलावं लागतं. त्यामुळं हे बोलणं अर्ध्या तांड्यानं ऐकलं.

"वर्षा, असं मध्येच सोडता येत नाही. दोन वर्षांचा करार आहे आपला."

"मॅडम, त्यावर तुमच्याकडची सही दाखवता?"

"अगं, ती फक्त औपचारिकता आहे."

"मग इतके महिने राहिली कशी?"

ओट्याखाली बसलेले म्हातारे काठ्या धरून पुढं सरकले.

"बरं, साहेब आत्ता ऑफिसमध्ये आहेत. आत्ताच्या आत्ता सही करून पाठवते, मग तर झालं?"

"नाही मॅडम. मी पाठवला तेव्हा गोळ ताजा होता. तुम्ही खाल्ला नाही, मी परात उचलली. तुमच्यावर राग नाही माझा. पुन्हा कधी काम असलं तर सांगा, पण कीर्तन माझं मोकळं ठेवून."

"गोळ? कसला गोळ?" मॅडम विचारत होत्या.

"शाब्बास माय!" खेमसिंग नायक ओट्याखालून ओरडले, आणि पुण्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

काल्याच्या दिवशी सकाळी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. तांडा आला, गाव आलं, महागावहून बादल आला, शकुबाईसुद्धा पुढं येऊन बसली. वर्षा फेटा बांधून उभी राहिली. देवरावबुवांनी स्वतः वीणा गळ्यात घेतली आणि तिच्या मागं उभे राहिले, जिथं ती इतकी वर्षं उभी राहायची.

तिनं पहिली चाल धरली. सावकाश, खालून. मग ती चढवली, आणि अशी चढवली की मृदंगवाल्यानं क्षणभर मान वर करून पाहिलं. बुवांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण एकेक अक्षर बरोबर तिच्या अक्षरावर पडत होतं. मी पुढच्या रांगेत होतो. मला दोन आवाज ऐकू आले, कोणी काही म्हणो.

निरूपणात ती म्हणाली, "मायबापहो, देवानं आपल्या बाजूचा गोळ कधीच खाऊन टाकला हाय. तो बांधलेला हाय. आता आपन किती दिवस परात धरून उभं राहनार?" आणि सगळा मंडप टाळ्यांनी असा उठला की मारुतीच्या शेंदराला वारा लागला असेल. हंडी फुटली, काला वाटला. शकुबाईनं दोनदा घेतला. उमरखेडकडचे लोक तिथल्या सप्ताहासाठी वर्षाला तारीख मागू लागले, तेव्हा रामीबाई मधे पडली, "आधी तुमच्या गावाची सही आना!"

बघा, मृदंग लागला, तीच उभी राहतेय आता. माझं एवढंच मागणं. तिनं चाल वर नेली आणि तुमच्या अंगावर काटा आला, तर त्या अंजूची आठवण ठेवा. दाराआडून एक वाक्य बोलली बिचारी, ते कुठवर गेलं हे तिला अजून नीट माहीत नाही. आज ती परीक्षेला यवतमाळला गेली आहे. देवाला हात जोडाल तेव्हा तिच्यासाठीही जोडा.