सैल शिवलेली जाळी

खिडकी उघडी राहिली तर सासऱ्यांचा फायदा उघड होता: वारा, खालचा रस्ता आणि समोरच्या सलूनवाल्याशी रोजचं भांडण. उभा जन्म बेकरीच्या भट्टीसमोर काढलेला हा माणूस. वाऱ्याचं त्यांना अप्रूप होतंच, पण खरं विचाराल तर भांडणाचं जास्त. सुनेने मांजर आणलं आणि तिन्ही गोष्टी काचेपलीकडे गेल्या. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि मांजर असं की एकदा कबुतर दिसलं की पुढे पाताळ असलं तरी उडी टाकायला तयार. नाव ठकी.

"सूनबाई, या घरात श्वास मी घ्यायचा की मांजराने, ते एकदा ठरवा."

"दोघंही घ्या, बाबा. मी जाळी शिवते."

शिवते म्हणाली, कारण ती शिवणकाम करायची. तिने शिवलेला कपडा काखेत कधी काचत नाही, अशी तिची ख्याती होती. खिडकीचं मापही तिने गिऱ्हाइकाचं घ्यावं तसंच घेतलं, चारी बाजूंनी थोडं सैल धरलं, कडेला जाड पट्टी लावली आणि बारीक खिळ्यांनी जाळी चौकटीवर ठोकली. खिडकी काही हात वर करत नाही, वाकत नाही, जेवून फुगत नाही. पण सवयीच्या हाताला हे कोण सांगणार?

खिडकी उघडली. सलूनवाल्याने खालून विचारलं, "काय रे, सुटलास वाटतं?" सासऱ्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

ठकीने मात्र जाळी तपासायला घेतली. आधी एक पंजा टेकवला. जाळी दबली. तिने पंजा मागे घेऊन त्याच्याकडेच पाहिलं, मग दुसरा टेकवला, मग डोकं. दोन-चार दिवसांत ती पूर्णच्या पूर्ण जाळीच्या पोटात उतरली आणि पिशवीतल्या भाजीसारखी रस्त्यावर लोंबत, सलूनच्या पाटीवरची कबुतरं न्याहाळू लागली.

सासऱ्यांनी ते पाहिलं. सांगावं, तर खिडकी बंद. न सांगावं, तर... खिळे तसे मजबूत दिसत होते. ते गप्प बसले.

संध्याकाळी सून जाळीजवळ थबकली. "बाबा, या जाळीला बाहेरच्या बाजूला फुगा कसा आला?"

"वारा."

"आणि फुग्यात केस? वाऱ्याला केस असतात?"

"या बाजूच्या वाऱ्याला असतात."

गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देऊ लागलं की ती जशी बघते, तशी तिने सासऱ्यांकडे पाहिलं. पण हातात कोटाची बाही होती, आणि कोट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी ती कोट द्यायला गेली, आणि सासऱ्यांच्या कानावर बारीकसा 'टक्' आला. वरच्या पट्टीचा एक खिळा खिडकीत पडला होता. ठकी पिशवीत मजेत होती. पुन्हा 'टक्'.

ओरडलं असतं तर ती दचकून उसळली असती. त्या खिडकीत उभं राहून आयुष्यात एकदाही हळू न बोललेला माणूस मुका झाला. कबुतरं उडाली तर ही आपणहून आत येईल, एवढं त्यांना सुचलं. समोर सलूनवाला एका गिऱ्हाइकाच्या ओठावर वस्तरा धरून होता. सासऱ्यांनी पाटीकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हात पंखांसारखे हलवले.

सलूनवाल्याने मान वर केली आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "काय रे, उडायचा बेत आहे काय?"

ठकी उसळली. वरची पट्टी टरटरत सुटली. सासऱ्यांनी पुढे झेपावून, मैद्याच्या पोत्याचं तोंड आवळतात तशी जाळी दोन्ही मुठींत आवळली, एक पीळ दिला आणि ते पोतं आत ओढलं. पोत्याने जाळीतून मनगटं सोलून काढली. तेवढ्यात समोरूनही एक किंकाळी आली. सलूनवाल्याचे डोळे खिडकीकडे लागले होते, हात मात्र चालूच राहिला होता.

सून आली तेव्हा सासरे जमिनीवर बसलेले, आणि मांडीवर गुरगुरणारं गाठोडं.

"बाबा! हे काय?"

"वारा," सासरे म्हणाले.

ती हसली, मग एकदम खाली बसली आणि जाळी सोडवू लागली. "सैल मीच ठेवली."

"आणि गप्प मी बसलो. मला कळत होतं."

सुतार येईपर्यंत काच बंद राहिली आणि सासऱ्यांनी चकार शब्द काढला नाही. या खेपेला सुनेने सुईला हात लावला नाही. लाकडी चौकटीवर तारेची ताठ जाळी बसली, आतून स्क्रूने आवळलेली. ती सासऱ्यांनी स्वतः कोपरा लावून, अंगाचा भार टाकून पाहिली, आणि मगच खिडकी उघडू दिली. ठकीसाठी जाळीच्या आत एक फळी लागली.

आता हिशेब. सासऱ्यांना वारा मिळाला, भांडणही मिळालं. मनगटांवरचे ओरखडे भरून आले. ठकीला कबुतरं दिसतात. त्या दिवसापासून उडालेली सुनेची रात्रीची झोप परत आली. सलूनवाल्याला सांगायला गोष्ट मिळाली. किंमत मोजली ती त्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने, ज्याचं ना मांजर, ना खिडकी. त्याची मिशी गेली: अर्धी चुकून, अर्धी नाइलाजाने.